न मोजलेल्या मुलांचा हिशेब

(लालबाग येथे कार्यकर्ते व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय सभेत उच्चारायला जड आहे. समोर माता-भगिनी बसल्या आहेत, आजी-आजोबा आहेत. पण ज्या विषयावर मोठी माणसे बोलायला संकोचतात, त्या विषयावर लहान मुलाने बोलावे अशी अपेक्षा आपण कशी धरणार? म्हणून संकोच बाजूला ठेवून बोलतो.

या व्याख्यानाचे निमंत्रण घेऊन एक तरुण कार्यकर्ता घरी आला होता. त्याच्या हातात एक कागद होता आणि त्यावर एक गुणाकार मांडलेला होता. अमेरिकेत चार टक्के कॅथलिक धर्मगुरूंवर बालकांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले, भारतात धर्मगुरू अमुक हजार, म्हणून भारतात शोषण करणारे अमुक शेकडा. त्याने विचारले, ‘‘सर, आकडा बरोबर आहे ना? पत्रकात छापायचा आहे.’’ मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले. मी कागद पाहिला. गुणाकार बिनचूक होता, पण निष्कर्ष चुकीचा होता. ते त्याला दाराशी उभ्याउभ्या पटवून देणे शक्य नव्हते. म्हणून म्हटले, व्याख्यानाचा विषयच हा ठेवू.

मोजणीचे दोन मार्ग

लालबागकरांना मोजणीची अडचण समजावून सांगावी लागत नाही. १९३४ पासून येथे ‘राजा’ बसतो. दरवर्षी कोणी सांगतो इतके लाख लोक आले, कोणी त्याच्या दुप्पट सांगतो. खरा आकडा कसा काढाल? एक मार्ग म्हणजे रांगेच्या तोंडाशी उभे राहून नोंद ठेवायची. पण बाहेरून मुखदर्शन घेऊन गेलेला भक्त त्या नोंदीत येणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे उत्सव संपल्यावर मुंबईतील काही हजार घरे नमुन्यादाखल निवडून विचारायचे, की यंदा आपल्यापैकी कोण कोण गेले होते? यात मुखदर्शनवालेही येतील, पण आठवणीची चूक आणि नमुन्याची चूकही सोबत येईल. पहिल्या मार्गाने आकडा कमी निघतो. दुसऱ्या मार्गाने तो मोठा निघतो, पण हलता असतो.

मुलांवरील अत्याचारांची मोजणीही याच दोन मार्गांनी होते. संस्थेच्या कपाटातील कागद तपासणे हा एक, आणि समाजातील प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारणे हा दुसरा. कोणता आकडा कोणत्या मार्गाने आला हे माहीत नसेल, तर तो आकडा तोंडातून काढू नये.

अमेरिकेतील चार टक्के

२००२ साली बॉस्टनमधील एका वृत्तपत्राने तेथील चर्चमध्ये वर्षानुवर्षे दडपलेली प्रकरणे उघड केली. त्यानंतर अमेरिकी बिशपांनीच न्यूयॉर्कच्या जॉन जे महाविद्यालयाकडे अभ्यास सोपविला. २००४ साली अहवाल आला. १९५० ते २००२ या काळात सेवेत असलेल्या १,०९,६९४ धर्मगुरूंपैकी ४,३९२ जणांवर आरोप नोंदलेले होते. हेच ते चार टक्के. पीडितांची नोंद १०,६६७ होती आणि त्यांत सुमारे ८१ टक्के मुलगे होते.

आता छेद एकच ठेवू आणि अंश बदलून पाहू. त्या ४,३९२ जणांपैकी न्यायालयात दोषी ठरले २५२. म्हणजे आरोपितांचे प्रमाण चार टक्के आणि सिद्धदोषांचे प्रमाण पाव टक्क्याहूनही कमी. चर्चचा कैवार घेणारा दुसरा आकडा सांगेल, टीकाकार पहिला सांगेल. दोघेही एकाच अहवालातून बोलत असतील. सत्य कोठे आहे? अनेक तक्रारी तीस-चाळीस वर्षांनी पुढे आल्या. कोणाची कायदेशीर मुदत संपली होती, तर कोठे आरोपी मरण पावला होता. त्यामुळे सिद्धदोषांचा आकडा अपराधाचे माप होऊ शकत नाही, ते न्याययंत्रणेच्या पोहोचीचे माप आहे. उलट आरोपितांचा आकडाही पूर्ण नाही, कारण ज्याने कधी तोंडच उघडले नाही तो त्यात येत नाही.

याच अहवालातील आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एकूण तक्रारींपैकी सुमारे एकतृतीयांश तक्रारी २००२ व २००३ या दोनच वर्षांत नोंदल्या गेल्या. अपराध मात्र मुख्यतः साठ ते ऐंशीच्या दशकांतील होते. म्हणजे तक्रारींचा आलेख एकदम चढला तो अपराध वाढले म्हणून नव्हे, बोलण्याचे धैर्य वाढले म्हणून. दुसरी गोष्ट अशी की, केवळ १४९ धर्मगुरूंच्या वाट्याला २,९६० पीडित आले. आरोपितांपैकी साडेतीन टक्क्यांनी एकचतुर्थांशाहून अधिक मुलांची आयुष्ये नासवली. पहिल्याच तक्रारीला अशा माणसाला मुलांपासून दूर केले असते, तर किती मुले वाचली असती? पण अनेक ठिकाणी त्यांची केवळ बदली झाली. नवे गाव, नवे चर्च आणि नवी मुले.

जर्मनी आणि ऑस्ट्रेलिया

जर्मनीत २०१८ साली असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. १९४६ ते २०१४ या काळातील ३८,१५६ फाइली तपासल्या गेल्या. १,६७० जणांविरुद्ध संकेत सापडले, म्हणजे ४.४ टक्के. पीडितांची नोंद ३,६७७ होती. काही ठिकाणी कागद नष्ट केलेले वा बदललेले आढळले. संशोधकांनी स्वच्छ सांगितले, की हा किमान आकडा आहे. पाण्यावर दिसणाऱ्या हिमखंडावरून बुडालेला भाग किती, हे सांगता येत नाही.

ऑस्ट्रेलियात शासनाने नेमलेल्या शाही चौकशी आयोगाने २०१७ साली मांडलेल्या आकडेवारीनुसार, १९५० ते २०१० या काळातील सुमारे ७ टक्के धर्मगुरूंवर आरोप होते. पण त्याच आकडेवारीत काही ‘ब्रदर’ संघांचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलेले होते आणि एका संघाचे तर ४० टक्के. धर्म एक, देश एक, व्रतही एकच. मग एवढा फरक कशामुळे? या संघांपैकी अनेकांच्या हाती अनाथालये, निवासी शाळा आणि अपंग मुलांची वसतिगृहे होती. जेथे मूल रात्रंदिवस एकाच माणसाच्या ताब्यात आहे, आईबाप दूर आहेत किंवा नाहीतच, आणि त्या माणसाला प्रश्न विचारणारे कोणी नाही, तेथे प्रमाण चढते. ज्यांच्या वसतिगृहात आज शंभर मुले झोपलेली आहेत, त्या प्रत्येक संस्थेने हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावे.

फ्रान्सचे सर्वेक्षण

आता दुसरा मार्ग. ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्रान्समधील जाँ-मार्क सोवे यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र आयोगाचा अहवाल आला. कपाटे तपासून त्यांना १९५० नंतरचे २,९०० ते ३,२०० आरोपित सापडले. त्या काळातील धर्मगुरू व संन्यस्तांची संख्या सुमारे १,१५,०००, म्हणजे प्रमाण तीन टक्क्यांच्या आतच. पण आयोगाने २८,०१० प्रौढांचे सर्वेक्षणही करविले आणि त्यावरून अनुमान काढले, की बालपणी धर्मगुरूंकडून शोषण झालेले सुमारे २,१६,००० लोक त्या देशात हयात आहेत. चर्चशी संबंधित सामान्य कर्मचारीही धरले तर ३,३०,०००.

भागाकार करून पाहा. अमेरिकेत एका आरोपितामागे सरासरी अडीच पीडितही येत नाहीत. फ्रान्समध्ये सत्तरच्या आसपास येतात. फ्रान्सचा गुन्हेगार अमेरिकेच्या गुन्हेगाराहून तीसपट क्रूर होता, असा याचा अर्थ करायचा का? मुळीच नाही. अमेरिकेत अंश आणि छेद दोन्ही कपाटातून आले. फ्रान्समध्ये पीडितांचा आकडा समाजातून आला आणि आरोपितांचा कपाटातून. मधले सारे अंतर न उच्चारलेल्या दुःखाचे आहे.

या अनुमानावर फ्रान्समध्येच आक्षेप घेतले गेले, आणि ते संख्याशास्त्रीय होते. प्रौढ लोकसंख्या पाच कोटींच्या घरात धरली, तर २,१६,००० म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. २८,०१० जणांत ते सुमारे सव्वाशे भरतात. इतक्या थोड्या उत्तरांवर लाखांचा डोलारा उभा आहे, दहा-वीस जणांनी प्रश्न चुकीचा समजून घेतला तरी आकडा हजारोंनी हलेल. म्हणून आयोगाने आपल्या आकड्याभोवती मर्यादा आखल्या. खालची १,६५,००० आणि वरची २,७०,०००. आकड्याबरोबर त्याची अनिश्चितता सांगणे हा दुबळेपणा नव्हे, तो प्रामाणिकपणा आहे. आणि खालचीच मर्यादा धरली, तरी ती कोणाला निर्धास्त झोपू देईल?

आमच्या शास्त्रात आणखी एक युक्ती आहे. समजा, एका शहरात पोलिसांच्या यादीत ४० पीडित आहेत, मुलांच्या मदतवाहिनीच्या यादीत ३०, आणि दोन्ही याद्यांत असलेले फक्त १० आहेत. मदतवाहिनीच्या यादीपैकी एकतृतीयांशच पोलिसांपर्यंत पोहोचले. म्हणजे पोलिसांची जाळी एकूण पीडितांच्या एकतृतीयांशच पकडते असे धरले, तर एकूण संख्या १२० च्या आसपास येते. दोन्ही याद्या मिळून नावे साठच आहेत, उरलेली साठ कोणत्याच यादीत नाहीत. याद्या परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच हा हिशेब चालतो, ही अट विसरू नये. पण न दिसणाऱ्यांचाही अंदाज बांधता येतो, एवढे यातून कळते.

फ्रान्सच्या अभ्यासातील एक आकडा आपल्या वृत्तपत्रांत फारसा झळकला नाही. बालपणी कोणाही कडून लैंगिक अत्याचार झालेल्या प्रौढांची संख्या त्या देशात सुमारे ५५ लाख निघाली. धर्मगुरूंचा वाटा त्यांत सुमारे चार टक्के होता. सर्वांत मोठा वाटा होता तो घराचा आणि नात्यागोत्याचा. मात्र शाळा, क्रीडासंस्था आणि सुट्टीतील शिबिरे यांच्या तुलनेत चर्चमधील प्रमाण अधिक निघाले. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. एकच वाक्य सांगणारा माणूस कोणाच्या तरी सोयीचे बोलत असतो.

तो गुणाकार का चुकतो

आता त्या तरुण मित्राच्या कागदाकडे येऊ. चार टक्के हा अमेरिकेतील अर्धशतकाचा, आरोपांचा आणि कपाटातील कागदांचा आकडा आहे. तो उचलून आजच्या भारतातील धर्मगुरूंच्या संख्येला लावता येत नाही. काळ वेगळा, नोंदपद्धती वेगळी, व्याख्या वेगळी. देशोदेशी तीनपासून सात टक्क्यांपर्यंत फरक पडतो, तो यामुळेच. भारतात खरे प्रमाण याहून कमी असेल किंवा जास्तही असेल. अशी स्वतंत्र, देशव्यापी मोजणी आपल्याकडे झालेली नाही. चर्चची झालेली नाही, आश्रमांची झालेली नाही, मदरशांची झालेली नाही आणि निवासी शाळांचीही नाही.

आणि मुख्य गोष्ट अशी की, त्या १०,६६७ मुलांतील बहुतेक मुले श्रद्धावान ख्रिस्ती कुटुंबांची होती. ज्या आईने विश्वासाने मुलाला प्रार्थनेला धाडले, तिचीच ती मुले. भायखळ्याच्या, दादरच्या, वसईच्या चर्चमध्ये जाणारी आपली शेजारीण आणि चाळीतील आपली वहिनी या बाबतीत एकाच नावेत आहेत. दुसऱ्याच्या जखमेवर बोट ठेवण्यासाठी हे आकडे वापरले, तर त्या मुलांचा दुसऱ्यांदा वापर केल्यासारखे होईल.

आपल्या अंगणात

आपल्याकडे काय घडले ते पाहू. गोवंडीच्या शिवाजीनगर भागात एका धर्मगुरूने २०१५ साली एका अल्पवयीन मुलावर अत्याचार केला. विशेष पोक्सो न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये त्याला जन्मठेप सुनावली. मुलाच्या कुटुंबाने सहा वर्षे वाट पाहिली. या दोन तारखांच्या दरम्यान, फेब्रुवारी २०१९ मध्ये, व्हॅटिकनने याच विषयावर जगभरच्या बिशपांची परिषद बोलाविली होती आणि तिच्या आयोजकांत मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशियस होते. परिषदा व्हाव्यात, पण मुलाच्या दाराशी न्याय पोहोचायला किती वेळ लागतो हेच खरे माप होय.

केरळातील कोट्टियूरचे प्रकरण संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य अभ्यासावे. २०१७ साली एका अल्पवयीन मुलीच्या प्रसूतीनंतर ते उघडकीस आले. प्रथम अपराध स्वतःच्या शिरावर कोणी घेतला? मुलीच्या बापाने! धर्मगुरूला वाचविण्यासाठी. तपास तेथेच थांबला असता तर सरकारी तक्त्यात ही घटना ‘पित्याकडून अत्याचार’ या रकान्यात कायमची जाऊन बसली असती. न्यायालयाने २०१९ मध्ये धर्मगुरूला २० वर्षांची शिक्षा दिली, ती उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये १० वर्षांवर आणली. श्रद्धेचा दबाव आकड्यात कसा शिरतो, ते यावरून कळते.

कुलाब्यातील निराधार मुलांच्या आश्रयगृहाचे प्रकरण २००१ साली बाहेर आले. चालक दोन ब्रिटिश नागरिक. सत्र न्यायालयाने त्यांना २००६ मध्ये दोषी ठरविले, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये सोडले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा दोषी ठरविले. २००७ साली यादी केली असती तर ते गुन्हेगार, २००९ साली निर्दोष, २०१२ साली पुन्हा गुन्हेगार. मुलांवर जे घडले ते मात्र तिन्ही वर्षी तेच होते.

आता जे सांगतो ते ऐकताना काहींना कष्ट होतील. आसाराम यास अल्पवयीन मुलीवरील बलात्कारासाठी जोधपूरच्या न्यायालयाने २५ एप्रिल २०१८ रोजी जन्मठेप सुनावली. ती मुलगी त्याच्याच गुरुकुलात शिकणारी आणि तिचे आईवडील त्याचे निष्ठावंत भक्त. साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे प्राण गेले. आपल्यापैकी किती जणांनी तेव्हा ‘हे धर्माविरुद्धचे कारस्थान आहे’ असे म्हटले होते, ते प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे. बॉस्टनमधील भाविकही प्रारंभी हेच म्हणत होते. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे २०१९ साली वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. बदलापुरात ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतील चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला आणि घटना वेळेवर कळविली नाही म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. अंगावर झगा असो, भगवे वस्त्र असो वा शिपायाचा गणवेश असो, मुलाला त्यातला फरक ठाऊक नसतो. त्याला फक्त एवढेच ठाऊक असते, की हा मोठा माणूस आहे आणि याचे ऐकायचे असते.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचे लैंगिक शोषण सांगितले. गंभीर प्रकारांचे प्रमाण २०.९० टक्के होते. येथेही सावध राहा. व्याख्या व्यापक होती, आणि रस्त्यावरची, काम करणारी, संस्थांतील मुले हेतुपूर्वक निवडलेली होती. म्हणून ‘देशातील निम्मी मुले’ असे म्हणता येणार नाही. पण शोषण करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे आणि विश्वासातले होते, आणि बहुसंख्य मुलांनी कोणालाच काही सांगितले नव्हते, हे निष्कर्ष जगातील प्रत्येक अभ्यासाशी जुळतात. या अभ्यासातील पीडितांत मुलगेही निम्म्याहून थोडे अधिकच होते. २०१२ सालापूर्वी आपल्या बलात्काराच्या कायद्यात मुलग्यांना स्थानच नव्हते. ज्याच्यासाठी रकानाच नाही, त्याची गणती कोठून होणार?

आपण काय करावे

१४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो कायदा लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार अशी घटना माहीत असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविलीच पाहिजे. संस्थाप्रमुखाने ती दडविली तर त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. राजुऱ्याच्या प्रकरणात घटना न कळविल्याचा एका डॉक्टरवरील गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरविला आणि न कळविणे हा किरकोळ अपराध नाही असे बजावले. म्हणून ‘संस्थेची बदनामी नको, आपसांत मिटवू’ हे वाक्य ज्या बैठकीत उच्चारले जाईल, त्या बैठकीतच गुन्हा घडलेला असेल.

२०२० च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करून घ्यायची आहे. आपल्या वसतिगृहांत, संस्कारवर्गांत, शिबिरांत, व्यायामशाळांत ती झाली आहे का? ‘तो तर घरचाच कार्यकर्ता आहे’ हे पडताळणीचे उत्तर होऊ शकत नाही. एकटा प्रौढ आणि एकटे मूल बंद खोलीत असू नये, हा नियम आपल्याकडे लिहिलेला आहे का? तक्रार ऐकणाऱ्या समितीत संस्थेबाहेरची एक तरी स्त्री आहे का? तक्रारींची नोंदवही आहे का? ती कोरी असेल तर आनंद मानू नका. ती कोरी का आहे, ते तपासा. अमेरिकेतील कपाटेही वरवर पाहता स्वच्छच होती.

आणि घरी? दहा-अकरा वर्षांचा मुलगा एखाद्या काकांकडे, शिकवणीला वा शिबिराला जायला अचानक नकार देऊ लागला, तर ‘नाटके करू नकोस’ म्हणण्याआधी त्याला जवळ बसवा. त्याने काही सांगितले तर पहिले वाक्य एवढेच असू द्या, ‘‘बरे केलेस सांगितलेस. यात तुझी काही चूक नाही.’’ पुढे १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे, पोलीस आहेत, कायदा आहे. पण ते पहिले वाक्य आईबापांनाच म्हणावे लागते.

त्या तरुण मित्राला मी अखेर एवढेच सांगेन. तुझे पत्रक छाप, पण तो गुणाकार काढून टाक. त्याच्या जागी आपल्या संस्थांची यादी घाल. कोठे पडताळणी झाली, कोठे समिती नेमली, कोठे राहिली, हे स्पष्ट लिही. ते लिहिलेस, की मग चर्चला, मदरशाला, शासनाला ‘तुमची कपाटे उघडा’ असे म्हणण्याचा अधिकार तुला आपोआप मिळेल, आणि तो कोणी नाकारू शकणार नाही.

उत्सवाच्या गर्दीत मूल हरवले, तर येथे ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारले जाते. ते कोणाचे, कोणत्या धर्माचे, हे कोणी विचारत नाही. आई सापडेपर्यंत कार्यकर्ता त्याचा हात सोडत नाही. लालबागची ही रीत आपल्या प्रत्येक संस्थेत आणि प्रत्येक घरात वर्षभर पाळली जावी, एवढी विनंती करतो आणि थांबतो.